जठारपेठेतली धूळबंदी

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांनाही, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, अकोल्याच्या जठारपेठेतली हवा स्वच्छ करण्याचा पहिला संघटित प्रयत्न माझ्या अध्यक्षतेखाली झाला. शेवटचाही माझ्याच अध्यक्षतेखाली झाला. दोन्ही प्रयत्न एकच होते.

गोष्ट साठ सालच्या आसपासची. मी तेव्हा शाळेत भूगोल शिकवत होतो. (हे लक्षात ठेवा. पुढे हे आठवून तुम्ही मला हसणार आहात, तेव्हा आत्ताच सांगून ठेवतो.) आमच्या घरात माझी आई, म्हणजे माय, माझी बायको सुमन आणि मायचा खोकला असे तिघे राहत. मी शाळेतून आल्यावर चौथा. मायला धूळ सोसत नसे, आणि आमच्या घरापुढून जाणारा मुरमाचा रस्ता म्हणजे धुळीचं आगार! एक सायकल गेली तरी पाठोपाठ धुळीची शेपटी उठायची. लॉरी गेली की समोरचं घर काही काळ नकाशातून नाहीसं व्हायचं.

म्हणून मी मायसाठी माडीवर एक हवेशीर खोली बांधायला काढली. उंचावर वारा, वर आभाळ, खाली धूळ. कल्पना उत्तम होती. फक्त खोली बांधायला रेती लागते, विटा लागतात, चुना लागतो, आणि हे सगळं लॉरीतून येतं, अंगणात ओतलं जातं, चाळलं जातं, हे माझ्या कल्पनेत आलं नव्हतं. महिन्याभरात रस्त्यावरची धूळ परवडली असं घरातल्या धुळीने म्हणायला लावलं. मायचा खोकला दुप्पट झाला.

"अवो," सुमन म्हणाली, "तुमची हवेशीर खोली होयेपर्यंत मायच्या छातीत चुन्याची एक खोली तयार होईन!"

नेमका त्याच सुमारास माझा धाकटा भाऊ वसंता अमरावतीहून आला. वसंता तिकडे कापसाची अडत करतो, तिथल्या कॅम्प भागात राहतो, आणि त्याने नुकतीच एक जुनी मोटार घेतली होती. तो ओट्यावर बसला, मायचं खोकणं ऐकलं, आणि रुमालाने खुर्ची पुसत म्हणाला, "दादा, मी मायले घेऊन जातो. माह्या घरापुढं मोठमोठे कडूनिंब हायेत. धूळ म्हनशीन तं औषधाले नाही."

"माय इथंच राहीन," मी म्हणालो.

"मंग तिचा खोकला घालव. रामनवमी झाली का येतो मी. खोकला असला तं माय माह्याकडं. नसला तं तुह्याकडं."

"मले काय विचारता?" माय आतून म्हणाली. "मी काय वावर हाव, वाटून घ्याले?"

वसंता गेला. मी हसून सोडून दिल्यासारखं दाखवलं, पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. माय नाही असं घर मी कधी पाहिलंच नव्हतं. चाळिशी उलटलेल्या, मिशा पिकलेल्या मला "बाळ्या" म्हणणारं या जगात ते एकच माणूस होतं. आणि सुमनचं दुःख वेगळंच. ती पोळी लाटता लाटता डोळे पुसत म्हणाली, "माय गेल्या तं मी भांडू कोनासंग? तुमाले तं भांडता बी येत नाही. दुसऱ्याच वाक्याले माफी मांगता!"

मी तिची माफी मागितली आणि कामाला लागलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या ओट्यावर आळीची सभा भरली. सुमनने चहा ठेवला होता, त्यामुळे उपस्थिती चांगली होती. मी उभा राहिलो. (वर्गात उभं राहून बोलण्याची सवय. बसून बोललो तर मला स्वतःलाच खरं वाटत नाही.)

"मित्रहो! धूळ आणि धूर हे दोन राक्षस आपल्या आळीत घुसले आहेत. आपण त्यांना हाकलणार आहोत. पण कशाने? कायद्याने नव्हे! दंडाने नव्हे! स्वेच्छेने!"

"दंड नाही?" समोरच्या घरातले खंडारेबाबू म्हणाले. ते कलेक्टर कचेरीत होते. दंड नसलेली योजना त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. "मंग आयकन कोन?"

"ज्याला माझ्या मायची काळजी आहे तो."

मायने आळीतल्या अर्ध्या पोरांना न्हाऊमाखू घातलेलं होतं, आणि उरलेल्या अर्ध्यांच्या पाठीत धपाटे घातले होते. सगळे बांधलेले होते.

मग योजना ठरली. बांधकामाला भिजलेल्या गोणपाटाचे पडदे लावायचे आणि चुना, रेती, सगळं त्या पडद्याआड चाळायचं. हा भाग माझा. आपापल्या दारापुढच्या रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. हा भाग सगळ्यांचा. आणि आळीच्या तोंडाशी आलं की मोटार असो, लॉरी असो, इंजिन बंद करायचं. हा भाग गफूरभाईंचा.

गफूरभाई लॉरीवाले शेवटच्या घरात राहत. माझ्या खोलीची रेतीही तेच आणत. ते चहाचा कप खाली ठेवून अदबीने म्हणाले, "मास्टरसाब, इंजन बंद केलं तं लारी काय दुआनं चालन?"

"ढकलायची!"

"कोन?"

"आपण सगळे. स्वेच्छेने!"

गफूरभाईंनी आळीकडे पाहिलं, मग खिडकीत बसलेल्या मायकडे पाहिलं. "अम्माजीसाठी ढकलू," ते म्हणाले. "पन मास्टरसाब, पुढं तुमी राहा. मले मांगून पाहू द्या."

मग खंडारेबाबूंनी महत्त्वाचा प्रश्न विचारला. "पानी कोनतं माराचं?"

अकोल्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे पाणी दोन प्रकारचं. नळाचं ते गोडं. ते कधीतरी येतं, आणि आलं की घरात पाहुणा आल्यासारखी धावपळ होते. विहिरीचं ते खारं. ते भांड्यांना, धुण्याला, आणि नको असलेल्या पाहुण्यांना हात धुवायला. गोड्या पाण्याचा तांब्या रस्त्यावर ओतणाऱ्या माणसाला जठारपेठेने वेड्यांच्या इस्पितळात पोहोचवलं असतं. तेव्हा सगळे एका सुरात ओरडले, "खारं!" सगळ्यांच्या आधी ओरडलो मी. भूगोलाचा शिक्षक.

आणि काय सांगू, योजना चालू झाली! बायांमध्ये तर चढाओढ लागली. शेजारणीच्या दारापुढे दोन बादल्या पडल्या की आपल्या दारापुढे तीन. माझ्या बांधकामाभोवती ओल्या गोणपाटाचे पडदे चढले. आमचे किसन मिस्त्री पडदा बाजूला करून बाहेर डोकावले आणि म्हणाले, "मास्तर, आत बांधकाम हाय का बाळंतीन? कोनी बी येते आनं हळू आवाजात इचारते, कसं काय म्हून!"

लॉरी ढकलणं हा मात्र खरा सोहळा होता. आळीच्या तोंडाशी गफूरभाई भोंगा वाजवत. तो ऐकला की सगळी आळी ताटावरून उठून धावायची. मी पुढे, "स्वेच्छेने... हैशा! स्वेच्छेने... हैशा!" असं ओरडत. एकदा एक परका गृहस्थ आपली मोटार घेऊन चुकून आमच्या आळीत शिरला. आम्ही त्याला थांबवलं, इंजिन बंद करायला लावलं, खाली उतरवलं.

"पण मी का ढकलू?" तो म्हणाला.

"जबरदस्ती नाही," खंडारेबाबूंनी त्याचा रस्ता अडवून सांगितलं. "तुमच्या इच्छेनं ढकला. लवकर!"

आमच्या डॉक्टरांनी तर आळीत मोटार आणणंच सोडलं. आळीच्या तोंडाशी ती उभी करून ते पायी येत. टांगेवाले आमच्याकडे पाहून हसत. आणि या आळीत जाणारी प्रत्येक मोटार बंद पडते अशी गावात वार्ता पसरल्यामुळे एका मेकॅनिकने आमच्या कोपऱ्यावर हत्यारांची पेटी आणून दुकान थाटलं! बिचारा दिवसभर आशेने बसायचा. कधी कधी तोही ढकलायला यायचा.

पण थट्टा सोडा. धूळ बसली! खरोखर बसली. रस्ता सारवलेल्या अंगणासारखा घट्ट झाला. मायचा खोकला आधी सकाळ-संध्याकाळवर आला, मग नुसत्या सकाळवर. ती खिडकीत बसून पाणी मारणाऱ्यांना सूचना देऊ लागली. सुमन तिच्याशी मनसोक्त भांडू लागली. घर पुन्हा घरासारखं वाटायला लागलं. मी शाळेत जाताना मान ताठ ठेवून जाऊ लागलो. सातवीच्या वर्गाला मी आमचा रस्ता दाखवायलासुद्धा आणलं. मुलांनी रस्ता पाहिला आणि मग लॉरी ढकलली. (स्वेच्छेने.)

वैशिष्ट्य असं की, चैत्राच्या उन्हात रस्ता वाळला की पांढरा दिसायचा. रोज जरा जास्त.

"बाळ्या," एका दुपारी माय म्हणाली, "रस्त्याले दही कोनं लावलं रे?"

"माय, ती स्वच्छतेची झळाळी आहे," मी म्हणालो.

हे वाक्य मी उच्चारलं. मीच. ज्याने वर्षानुवर्षं मुलांकडून घोकून घेतलं होतं की, पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे आणि तिथल्या जमिनीखालच्या पाण्यात मीठ असतं, त्याच माणसाने! पाणी उडून गेलं की मीठ मागे राहतं, हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवत असे. पण ते फळ्यावर. दारापुढे भूगोल असतो, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

आधी एक शेळी आली. दुपारभर आमच्या दारापुढे मान खाली घालून उभी. मला कौतुक वाटलं. जनावरालाही स्वच्छ जागा कळते, असं मी खंडारेबाबूंना सांगितलं. मग दुसऱ्या शेळीने गोणपाटाचा पडदा खाल्ला. तेही पडदे रोज त्याच पाण्यात भिजत होते ना! एका सकाळी पडद्याला पडलेल्या भोकातून किसन मिस्त्रींचं डोकं बाहेर आलं. "मास्तर, बाळंतिनीचा आडोसा गेला!"

मी म्हणालो, नवीन लावू. तिकडे माझं लक्षच नव्हतं. रामनवमी झाली होती आणि रविवारी वसंता येणार होता. मायला दोन दिवसांत एकदाही खोकला आला नव्हता. मी जिंकलो होतो!

रविवारी दुपार कलताना मी कडक इस्त्रीचं धोतर नेसून, काळी टोपी घालून दारात उभा राहिलो. आळीने शेवटचं पाणी मारलं होतं आणि ते वाळून रस्ता चांदीच्या ताटासारखा चमकत होता. गफूरभाईंची विटांनी भरलेली लॉरी ढकलत ढकलत आम्ही अर्ध्यावर आणली. तेवढ्यात मागे, आळीच्या तोंडाशी, चरून परतणारी गुरं आली.

ही गुरं रोज आळीच्या तोंडावरून सरळ जात. त्या दिवशी पहिली गाय थांबली. तिने नाक वर केलं आणि वळली. तिच्या मागे सगळा कळप वळला. गाई आल्या, म्हशी आल्या, वासरं आली, आणि सगळ्यांनी माना खाली घालून माझा रस्ता चाटायला सुरुवात केली! खर्र खर्र असा आवाज आळीभर भरून राहिला. काही म्हशी तर चाटायला सोयीचं जावं म्हणून चक्क खाली बसल्या. गुराखी काठी आपटून दमला आणि लॉरीला टेकून उभा राहिला.

"मास्टरसाब," गफूरभाईंनी लॉरीच्या खिडकीतून विचारलं, "हे बी आपल्या मंडळाचे मेंबर हायेत का?"

"काहून चाटून राहिले हे?" खंडारेबाबू म्हणाले. "मास्तर, तुमी कायी टाकलं का रस्त्यावर?"

"काहीही नाही! शुद्ध पाणी!"

पण माझ्या मनात कुठेतरी फळ्यावरची ती आकृती हलली. खात्री करून घेणं भाग होतं. आता खरं तर बोटाने जरासं घेऊन जिभेला लावलं असतं तरी भागलं असतं. पण माझे दोन्ही हात गुंतले होते. दारात घुसू पाहणाऱ्या एका म्हशीचं दावं मी दोन्ही हातांनी ओढून धरलं होतं. तेव्हा मी तसाच गुडघ्यांवर बसलो, वाकलो, आणि जीभ टेकवली.

खारट!

त्याच क्षणी भोंगा वाजला. मी मान वर केली. एका बाजूला म्हैस, दुसऱ्या बाजूला वासरू, मधे मी, तिघेही सारख्याच आसनात. समोर मोटार उभी होती आणि मोटारीत वसंता.

"दादा!" तो मोटारीतूनच ओरडला. "दादा, तू काय करून राहिला?"

"भूगोल!" मी म्हणालो.

दुसरं काही सुचलंच नाही. वसंताने खिडकीतल्या मायकडे पाहिलं, सुमनकडे पाहिलं, आणि घरात हे कधीपासून चालू आहे असा चेहरा केला. एवढ्यातही मी अध्यक्ष होतो. मी तसाच ओरडलो, "वसंता, इंजिन बंद कर! खाली उतर आणि ढकल!"

आणि वसंता, कापसाचा एवढा मोठा अडत्या, लहानपणापासूनच्या सवयीने मोठ्या भावाचं ऐकून खाली उतरला आणि पांढऱ्याशुभ्र धोतरात स्वतःची मोटार ढकलू लागला! मोटार दोन हात सरकली आणि म्हशीला टेकली. म्हैस उठली नाही. उलट एका कालवडीने उघड्या दारातून मोटारीत डोकं घालून पाहणी सुरू केली. घामाने भिजलेल्या वसंताच्या धोतराचा सोगा एका वासराने तोंडात घेतला.

"दादा, हे माहं धोतर खाऊन राहिलं!"

"ओढू नकोस, फाटेल!"

त्याने ओढलं. ते फाटलं.

इथे गफूरभाईंचा धीर सुटला. "बस झालं स्वेच्छेनं!" म्हणत त्यांनी लॉरी चालू केली.

ते इंजिन आमच्या आळीत कितीतरी दिवसांत बोललं नव्हतं. सगळं एकदम बोललं. बंदुकीसारखा बार झाला, डांबरासारखा काळा धूर निघाला, वर भोंगा. सगळा कळप एका झटक्यात उठला आणि उधळला! एवढे दिवस दाबून बसवलेला रस्त्याचा पापुद्रा खुरांनी फुटला आणि त्याखालची सगळी धूळ एकदम वर आली. एक म्हैस माझ्या बांधकामात शिरली. चुन्याचा ढीग, रेतीची चाळणी, उरलेले पडदे आणि पडद्याआडचे किसन मिस्त्री, असं सगळं एकत्र बाहेर पडलं. आळी दिसेनाशी झाली. काळा धूर, तांबडी धूळ, पांढरा चुना! पांढऱ्या ढगातून फक्त गफूरभाईंचा आवाज येत होता. "अम्माजी, खिडकी बंद करा! अम्माजी!"

ढग विरला तेव्हा आम्ही सगळे चुन्याने पांढरे झालो होतो. वसंताच्या अंगावर अर्धं धोतर होतं. मी घराकडे पाहिलं.

माय ओट्यावर आली होती. खांबाला धरून वाकली होती. एक हात छातीवर. खांदे गदगदा हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि श्वास काही केल्या सापडत नव्हता.

"माय!" आम्ही दोघे भाऊ एकदमच धावलो. सुमन पाण्याचा तांब्या घेऊन आली. माय हातानेच आम्हाला दूर सारत होती. मग तिला खोकल्याची ढास लागली. जुनी, ओळखीची, छाती खरवडून काढणारी.

ढास थांबली तेव्हा वसंता हळूच म्हणाला, "पाहा दादा. खोकला हाय."

"आहे," मी म्हणालो. मला त्याच्याशी भांडायचं होतं, पण भांडण्यासारखं माझ्याजवळ काही उरलं नव्हतं. माझ्या जिभेवर अजून रस्त्याची चव होती. "घेऊन जा तिला. तुझ्याकडे कडूनिंब आहेत."

सुमनने तोंड फिरवलं. खंडारेबाबू आपल्या चपला पाहू लागले. वसंताने कालवडीला मोटारीबाहेर काढलं, रुमालाने मागची गादी पुसली, आणि मायपुढे हात केला. "चाल माय."

मायने त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. डोक्यापासून पायांपर्यंत चुना, टोपी एका कानावर, आणि हातात अजूनही म्हैस नसलेलं दावं. तिने पदर तोंडावर दाबला, पण उपयोग झाला नाही. तिचे खांदे पुन्हा हलू लागले, आणि तेव्हा कुठे आम्हाला कळलं की मघाशी तिला श्वास का सापडत नव्हता. ती खदाखदा हसत मटकन ओट्यावर बसली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"नाही रे वसंता, मी नाही येत! खोकला बरा होईन तुह्याकडं, पन हसाले तिकडं हाय काय? तुह्या घरी तं सारेच शहाने!"